चिचुंद्री आणि समुद्रकाकडी

चिचुंद्री (सुंकस म्यूरिनस) हा कीटकभक्षी सस्तन प्राणी, तर समुद्रकाकडी (होलोथुरिया स्कॅब्रा) हा तारामाशाच्या संघातला कंटकचर्मी प्राणी. दोन्ही नावांनी माणूस फसतो. एकीला उंदीर समजतात, दुसरीला वनस्पती.

नवी मुंबईतील सारसोळे या कोळ्यांच्या गावात चिचुंद्री ओळखीची. दिवेलागणीनंतर गटाराच्या तोंडाशी आधी लांब, सतत हलणारे नाक दिसते. मग ती भिंतीच्या कडेकडेने चिकचिकत पळते. नजर अधू, भिस्त वासावर आणि मिशांवर. कुशीतल्या ग्रंथींचा उग्र दर्प ती गेल्यावरही रेंगाळतो. उंदराचे पुढचे दात कुरतडण्याचे; हिचे टोकदार, झुरळ फोडणारे. वंशावळीने ती उंदरापेक्षा मांजराला आणि वटवाघळाला जवळची आहे. जागा बदलताना एक पिल्लू आईच्या शेपटीच्या मुळाशी दातांनी धरते, दुसरे पहिल्याला, आणि सगळी रांग आगगाडीसारखी सरकते. हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस तिला किळसवाणी म्हणणार नाही.

समुद्रकाकडीला खाडीचा चिखल आणि पावसाळ्यात गोडसर होणारे पाणी मानवत नाही. तिचे घर रेताड तळाच्या, समुद्री गवताच्या उथळ पाण्यात. भारतात मुख्यतः मन्नारचे आखात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत. तिला मेंदू नाही. श्वासासाठी ती गुदद्वारातून पाणी आत घेते. वाळू गिळून त्यातले सेंद्रिय कण पचवते आणि उरलेली वाळू मागे टाकते. समुद्रतळाची ही मशागतच म्हणायची.

तुलना खरी रंगते ती पोटातले बाहेर टाकण्यात. उंदराला ओकता येत नाही, चिचुंद्रीला येते. म्हणून वांतीवरच्या औषधांच्या संशोधनात तिचा उपयोग होतो. समुद्रकाकडी त्याहून पुढची: फार त्रास झाला तर आतडीच बाहेर फेकते आणि काही आठवड्यांत नवी वाढवते.

गर्भात आधी गुदद्वार आणि नंतर तोंड घडणाऱ्या प्राण्यांच्या शाखेत दोघीही मोडतात. त्यामुळे चिचुंद्री ज्या झुरळावर जगते, त्यापेक्षा समुद्रकाकडी तिची जवळची नातलग ठरते.

सुकवलेल्या समुद्रकाकडीला पूर्व आशियात मोठी किंमत मिळते. तिची बेसुमार पकड झाल्याने 2001 पासून भारतात सर्व समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. चिचुंद्री मात्र उंदरांसाठी ठेवलेले विष खाऊन मरते, आणि घरातली झुरळे खाणारा एक प्राणी कमी होतो.