तळटीप : नारायण कार्तिकेयन

* ‘ग्रेटर नोएडात धावलेला आपला गडी’ हा लेखकाचा उल्लेख नारायण कार्तिकेयन (जन्म १९७७) यांच्याविषयी आहे. मूळचे कोईमतूरचे, वडीलही नावाजलेले रॅलीपटू. १९९६ मध्ये ‘फॉर्म्युला एशिया’चे विजेतेपद, २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण, तिथे पोहोचलेले ते पहिले भारतीय. मात्र २०१० मधला त्यांचा अमेरिकेतला हंगाम आपल्याकडे फारसा कोणाला आठवत नाही, आणि तो विसरला जाऊ नये असे आम्हांला मनापासून वाटते. रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या, पण आतून शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्यांच्या ‘नॅसकार’मध्ये ते ट्रक गटात उतरले. मार्टिन्सव्हिलचा लंबगोल जेमतेम साडेआठशे मीटरचा. सतत डावीकडे वळायचे, दाटीत गाडीला गाडी घासणारच. बहुतेक करिअर एकट्या चालकाच्या, उघड्या चाकांच्या हलक्या गाडीत गेलेल्या माणसाने तिथे पहिल्याच शर्यतीत तेरावा क्रमांक मिळवला. त्या वर्षी ट्रक गटातला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून चाहत्यांनी त्यांनाच निवडले.

ग्रेटर नोएडातील ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी फॉर्म्युला वनची पहिली भारतीय ग्रां प्री झाली. त्यांच्या ‘एचआरटी’ संघाची गाडी संथ होती, तरी कार्तिकेयन सतरावे आले, सहकारी डॅनियल रिकार्डो यांच्या पुढे. घरच्या प्रेक्षकांसमोरची ही कामगिरी निव्वळ क्रमांकावरून जोखणे अन्यायाचे ठरेल. ही ग्रां प्री २०१३ नंतर झालेली नाही.—संपा.