दिवसाचे टेबल, रात्रीचे अंथरूण : मुंबईची उपाहारगृहे आणि साथीचे नियम

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे, जुन्या मराठीत ज्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत त्या रोगाचे, निदान केले आणि पुढच्याच फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा संमत केला. जेमतेम चार कलमांच्या या कायद्याने सरकारला साथीच्या काळात कोणतेही तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली, ते मोडणाऱ्यास दंड संहितेच्या १८८व्या कलमाखाली शिक्षा ठरवली आणि सद्भावनेने अंमल करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून अभय दिले. मात्र ज्याचे काम किंवा निवारा अशा नियमाने हिरावला जाईल, त्याच्यासाठी सरकारने काय करावे, याचे त्यात कोणतेही बंधन नव्हते. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात कोविडचे नियम याच कायद्याच्या आधारे लागू झाले, त्यामुळे त्यातील ही उणीव १२३ वर्षांनंतरही तशीच वारशाने आली.

या उणिवेचा मोठा भार उपाहारगृहांतील कामगारांवर पडला, आणि तो का पडला हे या धंद्याची रचना पाहिल्याशिवाय कळत नाही. मुंबईच्या बोलीत ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाचे नव्हे, खाण्यापिण्याचे ठिकाण. सरकारी भाषेत मात्र निवासी हॉटेल आणि उपाहारगृह असे दोन वेगळे वर्ग आहेत. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा भेद बरोबर असला, तरी गावाकडून एकटाच आलेला वेटर, आचारी किंवा मोरीवर भांडी घासणारा पोऱ्या यांच्यासाठी उपाहारगृह हेच निवासस्थान असते. शटर अर्धे खाली ओढले, फरशी पुसून झाली की टेबले एकमेकांना जोडली जातात, पोटमाळ्यावरच्या वळकट्या खाली येतात आणि ज्या फळीवर दुपारी राइसप्लेट वाढली तिच्यावरच वाढणारा झोपतो. पहाटे भटारखान्यातील भट्टी पेटण्यापूर्वी त्याची आंघोळ मोरीत उरकलेली असते. ‘जेवूनखाऊन पगार’ या धंद्यातल्या ठरावात ही झोपायची जागाही न बोलता धरलेली असते, म्हणून हॉटेल बंद ठेवण्याच्या हुकमाने अशा माणसाचे काम, ताट आणि छप्पर ही तिन्ही एकाच वेळी धोक्यात आली.

टाळेबंदीत पार्सल आणि घरपोच सेवेस परवानगी होती, परंतु तेवढ्याने वाढप्यांना काम मिळण्यासारखे नव्हते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० रोजी उपाहारगृहांसाठी कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यात माणसांमध्ये सहा फुटांचे अंतर, निम्मीच आसने, कापडी रुमालांऐवजी कागदी रुमाल, एकदाच वापरायची खाद्यपत्रिका आणि २४ ते ३० अंशांवर ठेवलेली वातानुकूलन यंत्रणा इतका बारकावा होता. हे नियम चुकीचे नव्हते, कारण बंदिस्त खोलीत मास्क काढून बसणाऱ्यांमध्ये संसर्गाचा धोका खराच होता. तथापि बैठकीच्या व्यवस्थेची इतकी काळजी वाहणाऱ्या या नियमांनी रात्री त्याच खोलीत झोपणाऱ्या कामगाराचा विचार केला नाही. महाराष्ट्रात जुलैमध्ये निवासी हॉटेलांना ३३ टक्के क्षमतेने परवानगी मिळाली, तर बसून खाण्याची मुभा ५ ऑक्टोबर २०२० रोजी, ५० टक्के क्षमतेने मिळाली. तोवर पुष्कळ कामगार गावी परतले होते, आणि मालकांना शटर उघडताना माणसांची चणचण भासली.

लसीकरणाच्या टप्प्यावर तर कामगाराची तब्येत हीच परवान्याची अट झाली. १५ ऑगस्ट २०२१पासून रात्री दहापर्यंत उपाहारगृहे चालवण्यास मान्यता मिळाली, पण तेथील सर्व कर्मचाऱ्यांच्या लशीच्या दोन्ही मात्रा होऊन १४ दिवस उलटलेले असणे बंधनकारक होते. अट आरोग्यदृष्ट्या समर्थनीय होती; तिचा हिशेब मात्र तरुण कामगाराला जुळणारा नव्हता. १८ वर्षांवरील सर्वांसाठी केंद्राचे मोफत लसीकरण २१ जूनला सुरू झाले, कोविशिल्डच्या दोन मात्रांमध्ये त्या वेळी किमान ८४ दिवसांचे अंतर ठेवावे लागे, म्हणजे अगदी पहिल्याच दिवशी रांगेत उभा राहून ही लस घेतलेला पंचविशीतला वेटरही १३ सप्टेंबरपूर्वी दुसरी मात्रा घेऊ शकत नव्हता आणि २७ सप्टेंबरपूर्वी नियमानुसार कुणाला चहाही देऊ शकत नव्हता.