इनामगाव : घर, जोडझोपडी आणि वस्तीची शिस्त

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले. पूर्व जोर्वे काळातील (सुमारे इ.स.पू. १४००-१०००) आयताकृती घरे ओळीने बांधलेली असून त्यांच्यामध्ये वाटेपुरती मोकळी जागा राखलेली होती. कारागिरांची वस्ती पश्चिमेच्या कडेला होती. पाच खोल्यांच्या मोठ्या घरालगत धान्यकोठार होते. पिढ्यानपिढ्या त्याच जागी घर उभारण्याची प्रथाही दिसते. लेखी नियमाविना एवढी शिस्त टिकली, ती गावाच्या संमतीशिवाय शक्य नव्हती.

उत्तर जोर्वे काळात (सुमारे इ.स.पू. १०००-७००) मात्र लहान गोल झोपड्यांचे पुंजके दिसू लागतात. ढवळीकरांनी या ऱ्हासाची सांगड वाढत्या अवर्षणाशी घातली. प्रश्न मोजणीचा आहे. प्रत्येक झोपडी स्वतंत्र घर मानली, तर गावाची लोकसंख्या फुगते. संपूर्ण पुंजका एका कुटुंबाचा मानला, तर ती निम्म्याहूनही खाली येते. सामाईक अंगण पाहता दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. कुटुंब वाढले की मोठे घर बांधण्याऐवजी त्याच जागेत आणखी एक झोपडी उभी राहत असावी.