मनोरा इथं, घंटा नाशकात

आजी लाल लुगडं नेसून, सुकेळ्यांची पाटी डोक्यावर घेऊन वसईच्या बाजारात जायची. माल खपला की मला किल्ल्यात न्यायची. कोळ्यांची वाळत घातलेली जाळी ओलांडली की सेंट जोसेफ चर्चचा मनोरा दिसायचा. चर्चला छप्पर नाही, दारं नाहीत, आत गवत माजलेलं. तरी आजी चपला बाहेर काढायची.

"छप्पर गेलं म्हणून देऊळ जातं काय रे?"

गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. हे चर्च १५४६ मध्ये उभं राहिलं. १६०१ मध्ये ते नव्यानं बांधलं, त्याचा शिलालेख दारावर कोरलेला आहे. त्याआधी चारच वर्षं, वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाला जपानात नागासाकीला क्रुसावर मारलं होतं. आमच्या मातीतला हा पहिला संत.

मग आलं १७३९. चिमाजी अप्पांनी मे महिन्यात किल्ला घेतला. चर्चच्या घंटा उतरल्या आणि हत्तींवरून, गाड्यांवरून घाटावर गेल्या, असं आजी सांगायची. शाळेत हा धडा झाला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "तुमची हार झाली बघ!" मी घरी येऊन रडलो. आपण नक्की कोणाच्या बाजूचे, हेच कळेना. आम्ही घरात मराठी बोलतो, शेतात राबतो, अन् धड्यात मात्र परके.

आजी म्हणाली, "राजे आले नि गेले. दगड वाहणारे आपलेच होते. ते कुठं गेले?"

पुढं नोकरीनिमित्त नाशिकला गेलो. गोदाकाठी १७४७ साली बांधलेलं नारोशंकराचं देऊळ आहे. वेशीवर भलीमोठी घंटा टांगलेली, तिच्यावर साल १७२१. वसईहून आलेली. नकळत हात कपाळाकडे गेला, क्रुसाची खूण केली. शेजारी फुलं विकणारी बाई बघत होती.

"कुठले, दादा?"

"वसईचा."

"मग ही तुमचीच की!"

इतक्या वर्षांनी तो धडा त्या बाईनं मला नीट शिकवला. घंटेचं पोर्तुगालशी, पेशव्यांशी काय नातं ते असो. ती पाहून ज्याला घर आठवलं, त्याचीही ती होतीच.

घरी येऊन आजीला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "नीट ठेवलीय ना?"

"ठेवलीय."

"मग झालं," म्हणाली, आणि पाटी उचलून बाजाराला निघाली.