विश्वासरावांना न लागलेली गोळी



काही दिवसांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "कालप्रवासावरची एखादी चांगली गोष्ट सुचवाल का? पण तिच्यातले विज्ञान अगदीच खोटे नको." त्याने पाहिलेल्या चित्रपटांची यादी लांबलचक होती आणि सगळे चित्रपट परदेशी होते. मी विचारले, "अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाचा धडा होता, तो आठवतो?" धडा आठवत होता, त्याखालचे प्रश्नही आठवत होते. मात्र ती कथा मूळची मराठी आहे, तिचे नाव 'गंगाधरपंतांचे पानिपत' आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. या मुलाचे गाव पानिपत.

त्या कथेचे लेखक डॉ. जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांतील सर्वोच्च 'विज्ञानरत्न' हा सन्मान त्यांना मरणोत्तर जाहीर झाला. त्यानिमित्ताने त्यांच्या विश्वरचनाशास्त्रातील कामाविषयी बरेच लिहिले गेले. मला आज एका वेगळ्या गोष्टीचा इतिहास सांगायचा आहे: कालप्रवासाच्या कथा आपल्यापर्यंत कशा आल्या, आणि एखादी कथा दुसऱ्याला कशी सुचवावी. या दुसऱ्या प्रश्नावर नारळीकरांनी १९७४ साली एक सुरेख प्रयोगच करून ठेवला आहे.

मराठीत विज्ञानकथा आली ती भाषांतराच्या वाटेने, आणि तीही मुंबई-पुण्यापासून दूर. कृष्णाजी नारायण आठल्ये हे कोचीनहून 'केरळकोकिळ' नावाचे मराठी मासिक चालवीत. १९०० साली त्यांनी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर 'चंद्रलोकची सफर' या नावाने त्यात दिले. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसवले. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' वाचून दुर्बिणीकडे वळलेले वाचक आजही भेटतात. या दोघांनी मुळात केले काय, तर आपल्याला आवडलेले पुस्तक ओळखीच्या भाषेत दुसऱ्याच्या हाती ठेवले. शिफारस करण्याची याहून जुनी आणि खात्रीची रीत नाही.

आता १९७४. मराठी विज्ञान परिषद दरवर्षी विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. नारळीकर तेव्हा केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते. अहमदाबादेतील एका परिसंवादात रटाळ व्याख्यान चालू असताना त्यांनी समोरच्या कागदावर कथा लिहायला घेतली. कथेचे नाव 'कृष्णविवर'. ती स्पर्धेला पाठवताना त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली. १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेल्या या शास्त्रज्ञाचे नाव घरोघरी पोचले होते. परीक्षकांनी कथेऐवजी नावालाच बक्षीस दिले तर? म्हणून त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला. 'ज. वि. ना.'चे 'ना. वि. ज.' झाले आणि नारायण विनायक जगताप हे लेखक जन्माला आले. हस्ताक्षर कोणी ओळखू नये म्हणून पत्नी, गणितज्ञ मंगला नारळीकर, यांनी कथा आपल्या अक्षरात उतरवून दिली. जगतापांना पहिले बक्षीस मिळाले. पुढच्याच वर्षी, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली.

हा किस्सा आपण गमतीने सांगतो. मला तो प्रयोग म्हणून महत्त्वाचा वाटतो. औषधाची चाचणी घेताना कोणत्या रुग्णाला खरे औषध दिले आणि कोणाला नुसती साखरेची गोळी, हे तपासणाऱ्यापासून लपवून ठेवतात. त्याच्या मनातल्या अपेक्षेने निष्कर्ष बिघडू नये, एवढ्यासाठी. नारळीकरांनी स्वतःच्या कथेची अशीच चाचणी घेतली. कथेने कथेच्या बळावर उभे राहावे, ही त्यांची अट होती. पन्नास वर्षांनंतर आपण मात्र नेमके उलटे करतो आहोत. नाव सर्वांना माहीत असते. कथा मात्र वाचलेली नसते.

नारळीकरांना काळाविषयीच्या कथेची ओढ का वाटली असावी, याचे एक उत्तर त्यांच्या संशोधनात सापडते. विद्युतचुंबकत्वाची मॅक्सवेलची समीकरणे सोडवली की दोन प्रकारच्या लहरी मिळतात. एक प्रकार विद्युतभार हलल्यानंतर दूरवर पोचणारा. दुसरा विद्युतभार हलण्याच्या आधीच पोचणारा, म्हणजे काळात मागे जाणारा. दुसरा प्रकार निसर्गात दिसत नाही, म्हणून पाठ्यपुस्तके तो एका वाक्यात निकालात काढतात. १९४५ साली व्हीलर आणि फाइनमन यांनी दोन्ही प्रकार ठेवून पाहिले. विश्वातील इतर सर्व द्रव्याचा प्रतिसाद हिशेबात धरला, तर उलट्या लहरी परस्परांना पुसून टाकतात, अशी त्यांची मांडणी होती. हा प्रतिसाद कोणत्या विश्वात बरोबर जुळेल, हा प्रश्न फ्रेड हॉइल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नारळीकर यांनी १९६०च्या दशकात हाती घेतला. त्यांचे उत्तर स्थिर स्थिती विश्वाच्या बाजूचे होते. पुढे निरीक्षणांचा कौल त्या विश्वाच्या विरुद्ध गेला, हेही नोंदवले पाहिजे. परंतु उद्याचा परिणाम काल का होत नाही, हा प्रश्न त्याने शिळा होत नाही.

याच हॉइल यांनी १९६६ साली 'ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट' ही कादंबरी लिहिली. तीत पृथ्वीच्या वेगवेगळ्या प्रदेशांत एकाच वेळी वेगवेगळे कालखंड नांदू लागतात: इंग्लंडमध्ये १९६६, युरोपच्या भूमीवर पहिले महायुद्ध, ग्रीसमध्ये प्राचीन अथेन्स. गुरूने दिवसा समीकरणे मांडावीत आणि रात्री कादंबरी लिहावी, हे शिष्याने डोळ्यांनी पाहिले होते. भारतात परतल्यावर त्याने तेच मराठीत केले.

आता पानिपताकडे वळू. १४ जानेवारी १७६१ रोजी तिसऱ्या लढाईत पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत शिरले. रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे ती गोळी विश्वासरावांना लागलीच नाही. त्या जगात मराठे लढाई जिंकले आहेत, दिल्लीचा बादशहा नावापुरता उरला आहे आणि इंग्रज मुंबईपुरते. पंत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून आपल्याच ग्रंथांची पाने उलटतात. कोणत्या पानावर इतिहासाची वाट वळली, हे शोधतात. ते पान सापडते ते बखरीत.

पंत परत आल्यावर राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ त्यांना दोन कल्पनांच्या आधारे खुलासा करतात. पहिली, आपत्ती सिद्धांताची: काही नाजूक क्षणी अगदी लहानसा फरक संपूर्ण परिणाम पालटून टाकतो. दुसरी, पुंजयामिकीची: इलेक्ट्रॉन अमुकच ठिकाणी सापडेल असे ठामपणे सांगता येत नाही, मग जग तरी एकच का मानावे? ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली मांडलेल्या अनेक विश्वांच्या अन्वयार्थाशी ही कल्पना जवळची आहे. अर्थात त्या मांडणीत एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याची सोय नाही. ती सवलत नारळीकरांनी लेखक म्हणून घेतली आणि पंतांच्या खिशात त्या जगातले एक फाटके पान ठेवून दिले. शास्त्रज्ञाने लिहिलेली ही कथा अखेर पुराव्यावर येऊन थांबते, हे मला तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

माझ्या विद्यार्थ्याच्या अटीनुसार विज्ञानाची कसोटीही लावून पाहू. भविष्याकडचा प्रवास खोटा नाही. तो मोजता येतो. दिल्लीत पुसा परिसरातील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सीझियमच्या आण्विक घड्याळांच्या आधारे भारतीय प्रमाणवेळ राखली जाते. अशी अतिअचूक घड्याळे सांगतात की पृथ्वीपासून जितके वर जावे, तितका काळ जलद चालतो. १ मीटर उंचीमागे हा फरक एकावर सोळा शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येत एक, इतका सूक्ष्म असतो. तरीही २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी ३३ सेंटिमीटर उंचीचा फरक घड्याळांनी टिपून दाखवला. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्त केली नाहीत, तर एका दिवसात मोबाइलवरचा नकाशा दहा-अकरा किलोमीटर चुकेल; गुरुग्रामला निघालेला माणूस भलत्याच सेक्टरात उतरेल. कृष्णविवराजवळ हाच परिणाम प्रचंड होतो.

भूतकाळाकडचा प्रवास मात्र अजून कागदावर आहे. १९४९ साली गोडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून असे फिरते विश्व काढून दाखवले, ज्यात पुढे जात जात आपण आपल्याच भूतकाळात पोचू. १९८०च्या दशकात कार्ल सेगन यांनी 'कॉन्टॅक्ट' या कादंबरीसाठी किप थॉर्न यांचा सल्ला मागितला. त्या विचारातून थॉर्न यांचे कृमिविवरांवरचे संशोधन सुरू झाले आणि १९८८ साली कृमिविवराचे कालयंत्र कसे होऊ शकेल, यावर शोधनिबंध आला. कादंबरीने भौतिकशास्त्राला प्रश्न पुरवला, असे हे दुर्मीळ उदाहरण. १९९२ साली हॉकिंग यांनी निसर्ग असे यंत्र होऊच देणार नाही, असा तर्क मांडला. तो तर्क सिद्ध झालेला नाही आणि खोडलाही गेलेला नाही.

येथे कोणीतरी रेवतीची आठवण काढेल. पुराणकथेत तिचे वडील तिला घेऊन ब्रह्मलोकी जातात, थोडा वेळ थांबतात आणि परततात तेव्हा पृथ्वीवर युगे लोटलेली असतात. अतिशय सुंदर कल्पना आहे. पण कल्पना सुचणे वेगळे आणि ३८ मायक्रोसेकंदांचे भाकीत करणे वेगळे. कथेवर प्रेम करावे. तिच्यावर सिद्धांताचे ओझे लादू नये.

दिल्लीने या कथांना आधार दिला आहे, हेही विसरू नये. एनसीईआरटीने गंगाधरपंतांना देशभरातल्या अकरावीच्या वर्गांत नेले. मराठी विज्ञानलेखक बाळ फोंडके येथे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या विज्ञानप्रसार संस्थेचे संचालक होते. त्यांनी संपादित केलेला भारतीय भाषांतील विज्ञानकथांचा 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा संग्रह दिल्लीच्याच नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ साली काढला. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइनस्टाइन' त्यातून अन्य भाषकांपर्यंत पोचली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही दिल्लीत भरले. एवढे असूनही आपल्या विद्यार्थ्याला मूळ कथा मराठी असल्याचे कळत नसेल, तर साखळीतली एक कडी कमी पडते आहे. ती कडी संस्थेची नाही. वाचलेली गोष्ट पुढच्याला सांगणाऱ्या माणसाची आहे.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी तीन पुस्तके सुचवली, तीही लेखकाच्या कीर्तीने नव्हे, तर प्रश्नाने. मानवजातीचे भविष्य पाहायला मिळाले, तर ते सहन होईल का? यासाठी वेल्सची 'द टाइम मशीन'. १८९५ सालची ही कादंबरी काळाला चौथी मिती म्हणते, आणि मिंकोव्हस्की यांचे अवकाश-काळाचे गणित आले १९०८ साली. सगळे काळ एकदमच अस्तित्वात असतील तर 'आता' म्हणजे काय? यासाठी हॉइल. आणि एक गोळी चुकली असती तर? यासाठी 'गंगाधरपंतांचे पानिपत', शक्यतो मूळ मराठीतून.

त्याला मराठी येत नाही. मग आम्ही एका रविवारी चहा घेत बसलो. मी मराठीत वाचत गेलो आणि थांबून हिंदीत सांगत गेलो. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटली, तेव्हा तो म्हणाला, "काला आंब आमच्या घरापासून जवळच आहे. लहानपणी तिथे आम्ही पतंग उडवायचो." आठल्यांनी कोचीनमध्ये जे केले, तेच आम्ही राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातल्या एका खोलीत बसून करीत होतो.

आता तुमची पाळी. तुम्हाला आवडलेली काळाविषयीची एक कथा किंवा कादंबरी सुचवा, कोणत्याही भाषेतली. मात्र जगतापांची अट पाळा: आज लेखकाचे नाव लिहू नका. त्या कथेने तुमच्या मनात कोणता प्रश्न ठेवला, तेवढेच लिहा. नाव उद्या सांगा.