गल्लीने सांभाळलेले क्रूस

मुंबईतल्या सर्वांत जुन्या चर्चची यादी करायला बसलं, तर गंमत अशी की इमारती बहुतेक नव्या निघतात. दादरचं पोर्तुगीज चर्च फ्रान्सिस्कन साधूंनी १५९६ मध्ये उभारलं. आज तिथे दिसते ती चार्ल्स कोरिया यांची १९७०च्या दशकातली काँक्रीटची वास्तू. माहीमच्या सेंट मायकलची परंपरा सोळाव्या शतकापासून सांगतात, पण दर बुधवारी नोव्हेनाची गर्दी पोटात घेणारी इमारत त्याच दशकातली. माझगावचं ग्लोरिया चर्च १६३२चं. रेल्वे आणि बंदराच्या विस्तारात त्याची जागा गेली, आणि १९१३च्या सुमारास ते भायखळ्यात नव्या गॉथिक रूपात उभं राहिलं.

म्हणून मला जुनी मुंबई पाहायची असली की मी मोठा रस्ता सोडून आत वळते. गिरगावातली खोताची वाडी, माझगावची म्हातारपाखाडी, वांद्र्याचं रानवर, चिंबई. लाकडी जिने, कौलं, आणि वळणावर एक क्रूस. कुठे नुसता चौथरा आणि चुन्याने रंगवलेला दगड, कुठे त्यावर छप्पर चढलेलं, कुठे चार भिंती होऊन त्याचं छोटं प्रार्थनाघर झालेलं. तिथे राहणारा पाद्री नसतो. मेणबत्ती लावायची ती समोरच्या घराने, झाडलोट शेजारच्याने, रंगाची वर्गणी सगळ्यांनी. या वस्त्यांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती मूळचे इथलेच, घरात मराठी बोलणारे. ‘ईस्ट इंडियन’ हे नावसुद्धा १८८७चं, गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींपासून आपण वेगळे आहोत हे सांगण्यासाठी घेतलेलं.

यांतले कितीतरी क्रूस प्लेगच्या वर्षांतले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. आकासियो व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. १८९१च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या शहरात दहा वर्षांनी माणसं कमी भरावीत, यावरून त्या काळाची कल्पना करावी. घरझडत्या, सक्तीने इस्पितळात नेणं, सामान जाळणं. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याजवळच्या प्रयोगशाळेत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली खरी, पण गल्लीतल्या माणसाला तेव्हा दाराशी उभं राहणारं काहीतरी हवं होतं. लोकांनी नवस बोलले. जे वाचले त्यांनी क्रूस बांधले आणि चौथऱ्यावर साल कोरलं. कुठे पोर्तुगीजमध्ये, कुठे इंग्रजीत, कुठे मराठीत. मला हे चौथरे त्या साथीचं सर्वांत खरं दफ्तर वाटतात. सरकारी अहवालात मृतांचे आकडे आहेत. इथे जगलेल्यांची कृतज्ञता आहे.

मे महिन्यात या गल्ल्यांत जायला हवं. क्रुसाला झेंडूच्या माळा, पताका, संध्याकाळी रोझरी, मग लितानी, आणि शेवटी सगळ्यांच्या ओंजळीत उकडलेले चणे. वाडीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीने मला पहिल्यांदा तिथे बसवलं. “बाई, तुम्हाला पाठ नसलं तरी चालेल, सूर धरा,” म्हणाल्या. ३ मे हा पवित्र क्रूस सापडल्याचा सण. रोमने तो १९६० मध्ये सार्वत्रिक पंचांगातून काढून टाकला. गल्लीला त्याने काही फरक पडला नाही; मे महिना क्रुसाचाच राहिला. मोठी चर्चं वरून आलेल्या आज्ञेनुसार बदलतात, आणि ते योग्यही आहे. पण रीत टिकते ती खाली, जिथे चणे कुणी भिजवायचे हे घराघरांत ठरलेलं असतं.

अशा वस्तीतून माणसंही कशी घडली! म्हातारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मलेले जोसेफ बॅप्टिस्टा टिळकांचे वकील आणि जवळचे सहकारी. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष झाले, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. सारं शहर त्यांना ‘काका’ म्हणे.

आता या वाड्यांत पुनर्विकासाची पत्रं येऊ लागली आहेत. म्हाताऱ्या माणसांना लिफ्ट हवी, नळाला पाणी हवं. त्यांना जुन्या जिन्यांत अडकवून ठेवण्याचा हक्क मला नाही. मात्र क्रूस बहुधा कुणाच्या तरी खासगी जमिनीत उभा असतो, आणि घर विकलं की तो कागदावर कुणाचाच राहत नाही. तेव्हा करारावर सही करण्याआधी क्रुसाची जागा नकाशात आखून घ्यावी, ती वाट सर्वांना खुली राहील असं लिहून घ्यावं. आणि चौथऱ्यावरचा लेख, अक्षरं झिजली असली तरी, आजच वहीत उतरवून ठेवावा. पुढच्या रंगकामात तो बुजून जाईल.