केटी ट्रेल

अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील सायकल व पादचारी मार्ग. लांबी सुमारे ३८६ किलोमीटर. मिसूरी-कॅन्सस-टेक्सस लोहमार्गाची येथील वाहतूक १९८६ मध्ये बंद पडली, तेव्हा रूळ उखडले तरी जमिनीवरील वहिवाटीचा हक्क भावी रेल्वेकरिता राखून ठेवण्याची तरतूद १९८३ च्या केंद्रीय कायद्यात असल्याने, हा पट्टा लगतच्या जमीनमालकांकडे न परतता राज्य सरकारच्या ताब्यात आला. या व्यवस्थेविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेली तक्रार सर्वस्वी निराधार म्हणवत नाही. पहिला टप्पा १९९० मध्ये रोशपोर्ट येथे खुला झाला. १८०४ मध्ये लुईस व क्लार्क यांची मोहीम ज्या नदीतून उजवीकडील चुनखडीचे कडे न्याहाळीत वर गेली, त्या मिसूरीच्या काठाने, एका बाजूस कडे व दुसऱ्या बाजूस गाळाची शेते ठेवून, मोटारींना मज्जाव असलेली ही वाट बराच काळ जाते. आगगाडीसाठी आखल्यामुळे चढ सौम्य आहेत; पृष्ठभाग दाबून बसविलेल्या चुनखडीच्या बारीक चुऱ्याचा असून, पावसात तो चाकांना व साखळीला चिकटून स्वाराची परीक्षा पाहतो. १९९३ च्या महापुरात मार्गाची मोठी हानी झाली.